नकाशात नसलेल्या देशाचा कारभार

स्वयंपाक उरकला असेल, नाहीतर रेडिओ चुलीजवळ ठेवून भाकऱ्या थापत ऐकत असाल. थापा, थापा. आजचा विषय भाकरी थापता थापता ऐकण्यासारखाच आहे.

मागच्या महिन्यात एका गटाच्या बैठकीत एका काकूंनी मला विचारलं, "ताई, सरकार सरकार म्हणतात ते नेमकं असतं तरी काय? रेशन देतं ते सरकार, रस्ता खोदून ठेवतं तेही सरकारच. मग आहे कोण ते?" मी बी.ए.ला राज्यशास्त्र शिकले आहे. मला वाटलं, याचं उत्तर तर मला तोंडपाठ आहे. विधिमंडळ, कार्यपालिका, न्यायपालिका, असं सगळं मी सांगायला लागले. पाच मिनिटांत निम्म्या बायका जांभया द्यायला लागल्या आणि एक जण म्हणाली, "ताई, पासबुकाचं बोलायचं होतं ना?"

घरी येऊन विचार केला. आपल्याला गोष्ट सांगितली की कळतं. मग मला एका देशाची आठवण झाली. हा देश नकाशात कुठे सापडणार नाही, कारण तो एका बाईने आपल्या मनातून उभा केला. पण त्या देशाला राणी आहे, कायदे आहेत, शाळा आहेत. तिथे युद्ध झालं, गुन्ह्याला शिक्षा आहे, परदेशाशी व्यवहाराचे नियम आहेत. आज आपण त्या देशाचा कारभार समजून घेऊ. तो समजला की आपल्या सरकारचाही निम्मा उलगडा होतो.

आधी ती बाई कोण ते सांगते. तिचं नाव रुकैया सखावत हुसेन. बंगालमध्ये तिला बेगम रोकेया म्हणतात. जन्म १८८० चा, रंगपूर जिल्ह्यातल्या पायराबंद गावचा. ते गाव आता बांगलादेशात आहे. घर जमीनदाराचं, खाऊनपिऊन सुखी, पण पडदा फार कडक. मुलींनी बंगाली आणि इंग्रजी शिकायचं नाही असा घरचा रिवाज. तिचा थोरला भाऊ इब्राहिम साबेर शिकलेला होता. सगळं घर झोपलं की तो मेणबत्ती लावून बहिणीला शिकवायचा. म्हणजे अंधारात, चोरून शिकलेली ही मुलगी. पुढे तिचं लग्न भागलपूरच्या सरकारी अधिकाऱ्याशी झालं. नवरा वयाने बराच मोठा, पण बायकोने शिकावं, लिहावं असं मानणारा होता.

एकदा नवरा कामानिमित्त दौऱ्यावर गेला होता. घरात एकटी बसून काय करायचं, म्हणून तिने इंग्रजीत एक गोष्ट लिहिली. नवरा परत आल्यावर त्याने ती उभ्या उभ्याच वाचून काढली, आणि हा तर भयंकर सूड आहे असं म्हणाला. सूड म्हणजे काय ते पुढे कळेलच. ही गोष्ट १९०५ साली मद्रासच्या बायकांच्या एका इंग्रजी मासिकात छापून आली. गोष्टीचं नाव 'सुलतानाज ड्रीम', म्हणजे सुलतानाचं स्वप्न.

गोष्टीत सुलताना नावाची बाई आरामखुर्चीत बसून आपल्या देशातल्या बायकांच्या हालाचा विचार करत असते. तिला डोळा लागतो की नाही, ते तिलाच कळत नाही. तेवढ्यात एक बाई येते आणि तिला बाहेर फिरायला नेते. सुलतानाला वाटतं, ही आपली मैत्रीण सारा. बाहेर पडतात तर लख्ख सकाळ, रस्त्यावर गर्दी, पण एकही पुरुष नाही. सुलताना बिचकत चालते. रस्त्यावरच्या बायका तिला हसतात. का, तर म्हणे ही पुरुषांसारखी दिसते. म्हणजे त्या देशात लाजरं आणि भित्रं असणं ही पुरुषांची खूण. सुलताना विचारते, पुरुष आहेत कुठे? सारा सांगते, जिथे असायला हवेत तिथे, घरात.

त्या देशाचं नाव लेडीलँड. आपण त्याला बायकांचा देश म्हणू.

आता एकेक गोष्ट पाहू. कुठल्याही देशाचा कारभार समजून घ्यायचा तर पहिला प्रश्न असतो, सत्ता कुणाच्या हातात आहे आणि ती त्या हातात आली कशी?

या देशात राणी आहे. ती तेरा वर्षांची असताना गादीवर आली. गादी वारशाने मिळाली, कुणी निवडून दिली नाही. आणि सुरुवातीला ती नावापुरतीच राणी होती. खरा कारभार प्रधानमंत्री करायचा. हे ऐकून आमच्या गटातल्या बायका खूप हसल्या. म्हणाल्या, "म्हणजे तिथंही खुर्ची बाईची आणि सही दुसऱ्याची!" ज्या गावात सरपंचबाई घरात आणि त्यांचे मालक ग्रामपंचायतीत बसतात, त्या गावच्या बायकांना हे समजावून सांगावं लागत नाही. नावाची सत्ता आणि कामाची सत्ता, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पुस्तकात मी हे दोन पानं वाचलं होतं. बायकांना एका वाक्यात कळलं.

दुसरा प्रश्न, कायदा कोण करतं? राणीला विज्ञानाची आवड. मोठी झाल्यावर तिने हुकूम काढला की देशातल्या सगळ्या मुलींना शिकवायचं. सरकारी खर्चाने मुलींच्या शाळा निघाल्या. दुसरा हुकूम लग्नाचा. एकवीस वर्षं पूर्ण होण्याआधी मुलीचं लग्न लावायचं नाही.

इथे जरा थांबू. हे १९०५ साली लिहिलंय. त्या वेळी आपल्या देशात सगळ्या मुलींसाठी लग्नाच्या वयाचा असा एकच कायदा नव्हता. १९२९ साली शारदा कायदा आला, त्यात मुलीसाठी चौदा वर्षं ठरली. अठरा वर्षं झाली ती १९७८ साली. आणि या बाईने आपल्या मनातल्या देशात एकवीस वर्षांचा कायदा तेव्हाच करून टाकला होता. आता आपल्याकडचं बघा. ऊसतोडीला जाताना पोरगी मागे कुणाकडे ठेवायची, म्हणून पंधराव्या-सोळाव्या वर्षी लग्न लावून देणारी घरं आपल्याच भागात आहेत. कायदा कागदावर अठराचा आहे. त्या देशात राणीने कायदा केला आणि त्याच्या जोडीला शाळाही काढली. शिकणारी मुलगी असली की आईबापाला 'अजून शिकतेय' असं सांगता येतं. नुसता कायदा असला आणि तालुक्याच्या कॉलेजला जायला एसटी नसली, तर तो कायदा पोरीच्या काय कामाचा?

तिसरा प्रश्न, सरकार पैसा आणि डोकं कशावर खर्च करतं? मुलींसाठी पुढे दोन विद्यापीठं निघाली. एका विद्यापीठातल्या बायकांनी मोठा फुगा तयार केला. त्याला नळ्या लावून तो ढगांच्या वर तरंगत ठेवला आणि हवेतलं पाणी खाली ओढून घेतलं. लागेल तेवढं पाणी हाताशी, आणि वादळ-पावसाची धास्ती नाही. दुसऱ्या विद्यापीठाने उन्हाची उष्णता साठवायचं यंत्र काढलं. त्या देशात स्वयंपाक उन्हाच्या उष्णतेवर होतो. स्वयंपाकघर भाजीच्या बागेत, चुलीचा धूर नाही, कोळसा नाही. शेतं विजेवर नांगरली जातात.

आणि या काळात पुरुष काय करत होते? ते सैन्याची ताकद वाढवत होते. बायकांच्या या शोधांना ते स्वप्नरंजन म्हणून हसत होते.

ज्या गावात मार्चपासून टँकर येतो, तिथे हे वाचताना बायका हसल्या नाहीत. एक जण म्हणाली, "म्हणजे सरकारने आधी काय करायचं ते कोण ठरवतं, त्यावर सगळं आहे." अगदी बरोबर. याला राज्यशास्त्रात मोठा शब्द असेल. आपण एवढंच लक्षात ठेवू, की सरकारकडे पैसा मोजका असतो आणि मागण्या ढीगभर. पहिली मागणी कुणाची पुरी होते त्यावरून कळतं की सत्ता कुणाकडे आहे. गावात आधी कमान होते की आधी पाण्याची टाकी होते, हा राजकारणाचाच प्रश्न आहे.

चौथा प्रश्न, देशाचं रक्षण. शेजारच्या देशातून काही माणसं पळून आली. त्यांच्यावर तिथे राजकीय गुन्ह्याचा आरोप होता. तिथल्या राजाने त्यांना परत मागितलं. आपल्याकडे आश्रयाला आलेल्याला हाकलून द्यायचं नाही हे राणीचं तत्त्व. तिने नकार दिला. राजाने युद्ध पुकारलं. राणीचं सैन्य लढायला गेलं, पण शत्रू भारी पडला. जवळजवळ सगळे पुरुष लढाईवर गेले, सोळा वर्षांच्या पोरालाही घरी ठेवलं नाही. पुष्कळ मारले गेले, जखमी झाले, आणि शत्रू राजधानीपासून पंचवीस मैलांवर आला.

तेव्हा राणीच्या वाड्यात शहाण्या बायकांची सभा भरली. काय करायचं ते सगळ्यांनी मिळून बोलून ठरवलं. ही या देशातली माझी आवडती गोष्ट. राणी असूनही संकटात तिने एकटीने निर्णय घेतला नाही. विद्यापीठाच्या प्राचार्यबाई म्हणाल्या, आम्ही प्रयत्न करतो. पण एक अट. आम्ही पडद्याबाहेर जाणार, तर आधी पुरुषांनी घरात जावं. दमलेले, हरलेले पुरुष मुकाट घरात गेले. मग प्राचार्यबाई दोन हजार विद्यार्थिनींना घेऊन रणांगणावर गेल्या आणि साठवलेलं ऊन त्यांनी शत्रूवर सोडलं. त्या उष्णतेने आणि उजेडाने शत्रू पळून गेला. त्यानंतर कुणी त्या देशावर चालून आलं नाही.

आणि पुरुष? ते घरातच राहिले. जनाना हा शब्द जाऊन मर्दाना आला. मधे मधे पोलीस कमिशनर आणि जिल्हा मॅजिस्ट्रेट यांनी राणीला अर्ज केले की, लढाई सैन्याने हरली, आमची त्यात काय चूक, आम्हाला आमच्या जागेवर परत घ्या. राणीने उत्तर पाठवलं की, गरज पडली तर बोलावू, तोवर आहात तिथेच राहा. अर्ज करून वाट बघत बसण्याचा अनुभव आपल्याला आहे. साहेबांवरही ती वेळ आलेली वाचून आमच्या बायकांना जे हसू आलं ते काही विचारू नका.

पाचवा प्रश्न, न्याय. सुलताना विचारते, चोरी झाली तर? सारा सांगते, पुरुष घरात गेल्यापासून गुन्हेच होत नाहीत, म्हणून पोलीसही लागत नाही आणि मॅजिस्ट्रेटही लागत नाही. त्या देशाचा धर्म दोन गोष्टींवर उभा आहे, प्रेम आणि सत्य. कुणी खोटं बोललं तर फाशी नाही. त्या माणसाने देश सोडून जायचं. आणि मनापासून पश्चात्ताप झाला तर माफी आहे.

सहावा, बाहेरच्या जगाशी संबंध. दुसऱ्याची जमीन नको, हिऱ्यासाठी भांडण नको. व्यापार करायला हरकत नाही, पण जिथे बायकांना घरात कोंडून ठेवलंय त्या देशांशी व्यवहार होत नाही.

आणि एक गंमत कामाच्या वेळेची. सारा दिवसात दोन तास प्रयोगशाळेत काम करते आणि तिचं काम संपतं. सुलताना म्हणते, आमच्याकडे साहेब लोक सात-सात तास ऑफिसात असतात. सारा हिशोब मांडते. एक चिरूट ओढायला अर्धा तास, दिवसात बारा चिरूट, म्हणजे सहा तास धुरात गेले. काम किती झालं? आमच्या कोषाध्यक्षबाई म्हणाल्या, "ही सारा आपल्या गटात पाहिजे. हिशोब चोख आहे."

इतकं सगळं सांगून झाल्यावर मी गटाला विचारलं, "मग, कसा वाटला हा देश? राहायला जाल का?"

पहिल्यांदा सगळ्यांनीच हात वर केले. एक काकू म्हणाल्या, "मी तर जातेच. ह्यांचा चहा हे स्वतः करतील." पण मागे बसलेली एक जण गप्प होती. तिचा मुलगा दहावीला आहे. ती म्हणाली, "ताई, माझा पोरगा सोळा वर्षांचा आहे. त्याने कुणाचं काय केलंय? त्याला जन्मभर घरात कोंडायचं?"

मग खरी चर्चा सुरू झाली. आणि मैत्रिणींनो, आता मी सांगते ते जास्त महत्त्वाचं आहे.

रोकेयाबाईंनी असं का लिहिलं असेल? पुरुषांना कोंडा असं सांगण्यासाठी नाही. ज्या गोष्टीला सगळे 'रीत आहे' म्हणत होते, ती उलटी करून त्यांनी दाखवली. पुरुषाला घरात कोंडलं की वाचणाऱ्याला लगेच अन्याय दिसतो. मग बाईला कोंडलं तेव्हा का दिसला नाही? एवढाच त्यांचा प्रश्न होता. तोच त्यांच्या नवऱ्याला सूड वाटला. आपल्याकडेही १८८२ साली बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी 'स्त्रीपुरुष तुलना' लिहून असाच प्रश्न पुरुषांना सरळ विचारला होता. ताराबाईंनी तो रागाने विचारला, रोकेयाबाईंनी हसत विचारला.

पण देश म्हणून पाहिलं तर त्या मुलाच्या आईचं म्हणणं खरं आहे. या देशाच्या कारभारात काही जागा रिकाम्या आहेत. त्या आम्ही मोजल्या.

एक, राणीला कुणी निवडलं नाही. ती चांगली निघाली हे त्या देशाचं नशीब. तिच्यानंतर येणारी तशीच निघेल कशावरून?

दोन, राणी चुकली तर तिला विचारणार कोण? तिने हुकूम काढला की झाला कायदा. साहेबांनी अर्ज केला, राणीने नाही म्हटलं, विषय संपला. वर दाद मागायला कोर्ट नाही.

तीन, पुरुषांना मत नाही, बाहेर पडायची मोकळीक नाही. ज्याचा गुन्हा नाही त्यालाही शिक्षा.

चार, हिशोब. दोन विद्यापीठं, फुगे, यंत्रं, एवढा खर्च झाला. तो कुठून आला, कुठे गेला, हे कुणी वाचून दाखवल्याचं गोष्टीत नाही.

चौथा मुद्दा सांगताना माझा आवाज जरा बसला. कारण सांगते. हे माझं स्वतःचं आहे, पण आज सांगायचं ठरवलंय.

माझ्याकडे सोळा गट आहेत. त्यातल्या एका गटाच्या अध्यक्षा नऊ वर्षं एकच होत्या. बाई सोन्यासारखी. सावकाराच्या दारातून तिने बायकांना बाहेर काढलं. रात्री अपरात्री कुणाच्याही मदतीला धावायची. दरवर्षी मी विचारायचे, पदाधिकारी बदलायचे का? सगळ्या म्हणायच्या, कशाला, चाललंय ते चांगलं चाललंय. मलाही ते सोयीचं होतं. एक फोन केला की माझं काम होत होतं.

मग गटात एक नवीन सून आली. बारावी झालेली. तिसऱ्याच बैठकीत तिने विचारलं, "अंतर्गत कर्जाचं व्याज कुठं लिहिलंय? मला वही बघायची आहे." झालं! सगळ्या तिच्यावर तुटून पडल्या. काल आलीस आणि आज संशय घेतेस? आणि मी काय केलं? मी सहयोगिनी. मी म्हणायला पाहिजे होतं, वही सगळ्यांची आहे, बघ. मी म्हणाले, "अगं, आधी शीक, मग विचार." दोन बैठकांनंतर ती यायची बंद झाली.

त्या हिवाळ्यात अध्यक्षा खूप आजारी पडल्या, दवाखान्यात होत्या. कोषाध्यक्ष ऊसतोडीला गेलेली. बँकेत तिघींपैकी दोघींच्या सह्या लागतात. गावात होती एकटी सचिव. चेकबुक अध्यक्षांच्या पेटीत, पेटीची चावी कुठे ते कुणाला माहीत नाही. कुणाकडे किती बाकी आहे ते अध्यक्षांच्या डोक्यात. नेमकं तेव्हाच एका बाईच्या लेकीचं बाळंतपण अडलं. गटाच्या खात्यात पैसे असून ती बाई सावकाराकडे गेली. ज्या दारातून आपण बाहेर आलो होतो, त्याच दारात.

पुढे अध्यक्षा बऱ्या झाल्या. सगळ्या वह्या तपासल्या. एका रुपयाचाही घोळ नव्हता. बाई प्रामाणिकच होती, पण तिच्या प्रामाणिकपणाने त्या रात्री त्या आईचं काम झालं नाही. आम्ही सगळ्यांनी मिळून तिला राणी केलं होतं. राणी अंथरुणाला खिळली आणि राज्य बंद पडलं.

मी त्या सुनेच्या घरी गेले. चूक माझी होती असं तिच्या सासूसमोर सांगितलं. ती पुन्हा यायला लागली. मला एवढंच म्हणाली, "ताई, वही वाचून दाखवा म्हटलं तर कुणाला राग येऊ नये." आता त्या गटात दर बैठकीला हिशोब मोठ्याने वाचला जातो. पदं ठरलेल्या मुदतीने बदलतात. चेकबुक कुठे आहे ते किमान तिघींना माहीत असतं. जुन्या अध्यक्षा आजही गटात आहेत. पहिले दोन महिने त्या रुसल्या होत्या, हे खोटं कशाला सांगू. पण आता नव्या पदाधिकाऱ्यांना बँकेत घेऊन त्याच जातात.

म्हणून काकूंच्या प्रश्नाचं उत्तर आता मी असं देते. सरकार म्हणजे तीन कामं. नियम करणं, नियम राबवणं, आणि नियम मोडला की निवाडा करणं. नियम करणारे आपण निवडून दिलेले, ते विधानसभेत आणि लोकसभेत. राबवणारे मंत्री आणि त्यांच्या हाताखाली कलेक्टर, तहसीलदार, ग्रामपंचायत अधिकारी. निवाडा करणारं कोर्ट. ही तीन कामं एकाच हातात गेली की तो हात कितीही चांगला असला तरी धोका असतो. म्हणून आपल्या घटनेने ती वेगवेगळ्या हातांत दिली. शिवाय मुदत घातली. पाच वर्षं झाली की पुन्हा आपल्या दारात यायचं.

रोकेयाबाईंनी गोष्ट लिहिली तेव्हा आपल्या देशातल्या बाईला मत नव्हतं. २६ जानेवारी १९५० ला घटना लागू झाली आणि एका झटक्यात सगळ्या सज्ञान बायकांना पुरुषांबरोबरीने मत मिळालं. तरी पहिल्या निवडणुकीत काय झालं माहीत आहे? मतदारयादी करणारे दारात आले तेव्हा लाखो बायकांनी स्वतःचं नावच सांगितलं नाही. अमक्याची आई, तमक्याची बायको, एवढंच सांगितलं. निवडणूक आयोगाने ठरवलं की स्वतःचं नाव नसेल तर यादीत घेता येणार नाही. सुमारे २८ लाख बायकांची नावं वगळली गेली. हक्क मिळालेला होता, पण तो घ्यायला स्वतःचं नाव लागत होतं.

पुढे ७३ व्या घटनादुरुस्तीने १९९३ पासून पंचायतीत बायकांना किमान एक तृतीयांश जागा मिळाल्या. महाराष्ट्रात २०११ पासून निम्म्या जागा आपल्या आहेत. म्हणजे आपल्याला राणी व्हायची गरज नाही आणि पुरुषांना कोंडायचीही गरज नाही. निम्म्या खुर्च्या कायद्याने दिल्या आहेत. त्यावर बसून सही स्वतः करायची, एवढं आपल्याकडे आहे.

आणि शहाण्या बायकांची जी सभा राणीच्या वाड्यात भरली, तशी आपल्याकडेही आहे. ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यायची, असं आपला ग्रामपंचायत कायदा सांगतो. तिथे ठरलेल्या गोष्टी ग्रामसभेपुढे मांडायच्या. ग्रामसभेला मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० माणसं, यातली जी संख्या कमी असेल तेवढी हजर लागतात. गावात पाच-सहा गट असतील तर साठ-सत्तर बायका आपल्याच झाल्या की! पण किती गावांत ही महिला सभा खरोखर भरते आणि किती गावांत घरोघरी रजिस्टर फिरवून सह्या घेतल्या जातात, ते तुम्हीच आठवून बघा.

आता घरचा अभ्यास. पुढच्या बैठकीत चार प्रश्न घ्या. आपल्या गटाच्या अध्यक्षा किती वर्षं त्याच आहेत? मागच्या महिन्याचा हिशोब सगळ्यांसमोर वाचला का? चेकबुक कुठे आहे ते किती जणींना माहीत आहे? आणि गावची महिला सभा शेवटची कधी झाली, तिथे आपण काय मागितलं? उत्तरं वहीत लिहून ठेवा. माझ्याच गटांत सगळी उत्तरं बरोबर येणार नाहीत, तेव्हा लाजू नका.

जाता जाता, रोकेयाबाईंचं पुढे काय झालं? १९०९ साली त्यांचे पती वारले. त्याच वर्षी त्यांनी भागलपूरला पाच मुलींची शाळा काढली. पुढे कलकत्त्याला आल्या आणि १९११ साली आठ मुलींना घेऊन पुन्हा शाळा सुरू केली. पडद्यातल्या मुलींना आणायला झाकलेल्या गाड्या ठेवल्या, घरोघर जाऊन आईबापांना समजावलं, लोकांची बोलणी खाल्ली. ९ डिसेंबर १९३२ रोजी त्या गेल्या. त्यांची शाळा कोलकात्यात आजही चालू आहे.

गोष्टीच्या शेवटी सुलताना हवेतल्या गाडीतून निसटते आणि बघते तर आपल्याच खुर्चीत जागी झालेली असते. स्वप्न संपलं म्हणून रोकेयाबाई मात्र बसून राहिल्या नाहीत. त्यांनी आठ पोरींसाठी बाकं मांडली.

चला, भाकरी करपायला नको. पुढच्या गुरुवारी भेटू. येताना आपापली उत्तरं घेऊन या. नमस्कार.